माझ्या गाडीतला लायनलचा मीटर

मी, एव्हिस प्रोबर्ट, माहेरची बेडोज, वय वर्षे शहात्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार चर्च स्ट्रेटन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. पुढे जो गोंधळ दिसेल तो बुद्धीचा नसून माझा धाकटा भाऊ लायनल याच्याविषयीचा आहे, आणि तो म्हातारपणाने आलेला नाही.

कलम एक. राहते घर माझी भाची रोझलिंड हिला द्यावे. ती लायनलची मुलगी आहे, पण घर तिला तिच्याकडे बघून देत आहे, बापाकडे बघून नाही. मागचे सफरचंदाचे झाड तोडू नये. शेजारच्या डिलिसबाईंना त्याची सावली खुपते, तरीही तोडू नये.

कलम दोन. बँकेतील शिलकीतून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते डोंगरावरच्या बचाव पथकाला द्यावे. त्या दिवशीच्या जेवणात आमच्याकडचा फिजेट पाय, म्हणजे डुकराचे मांस, सफरचंद आणि कांदा भरलेला भाजका पदार्थ, असावा. तो विकत आणल्यास मला कळणार नाही, पण लोकांना कळेल.

कलम तीन. माझे दिवंगत पती ऑब्री यांचे नट-बोल्ट खोलायचे सगळे इंची पाने रोझलिंडलाच. ते कोणाला उसने देऊ नयेत. उसने दिलेल्या वस्तूंचे काय होते ते पुढच्या कलमात आहे.

कलम चार. माझी हिरवी एमजी मिजेट गाडी, तिच्यातील इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएम मीटर, त्याची केबल आणि डायनामो यांसह, लायनलला द्यावी.

वकीलबाईंनी येथे हरकत घेतली होती. "मिसेस प्रोबर्ट, तो मीटर तुमचा नसेल तर तुम्हाला तो देता येणार नाही. आणि तुमचा असेल, तर भावाच्या गाडीतला तुमचा नाही. नक्की कोणता तुमचा?" मला सांगता आले नाही. म्हणून घडले ते लिहिते.

लायनलची स्प्राइट गाडी माझ्या गाडीहून जुनी. तिचा मीटर यंत्राचा. डायनामोच्या पाठीमागून एक केबल निघते, ती फिरते आणि काटा हलवते. माझा मीटर इलेक्ट्रॉनिक, तो ठिणगीच्या विजेवरून फेरे मोजतो, त्याला केबल लागत नाही. हिवाळ्यात लायनलच्या गाडीचे दिवे मिणमिणायचे, म्हणून त्याने डायनामो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवायचे ठरवले. पण अल्टरनेटरच्या मागे केबल जोडायला जागाच नसते. तो माझ्याकडे आला.

"एव्ही, तुझा मीटर मला दे. माझा मीटर, केबल, डायनामो, सगळं तू घे."

ऑब्री म्हणाले, "कागदावर लिहून ठेवा."

"बहीण-भावात कसला कागद?" लायनल हसला. दोन्ही मीटरांची भोके एकाच मापाची निघाली. दुपारच्या चहापर्यंत अदलाबदल झाली होती, आणि पुढे किती तरी वर्षे आम्ही दोघांनीही सुखाने गाड्या हाकल्या.

मग लायनलला इलेक्ट्रॉनिक इग्निशनची हौस आली. ती बसवल्यावर त्याचा काटा खाली राहू लागला असावा. बर्वे नावाच्या आमच्या डोंगररस्त्याच्या चढावर त्याने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पिळली. काटा निम्म्यावर होता, इंजिन मात्र तिकडे किंचाळत असणार. कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. लायनल डोंगर उतरून चालत माझ्या दारात आला. हात काळे, चेहरा पांढरा.

"तुझा मीटर खोटारडा निघाला."

"माझा? इतकी वर्षं तर खरं बोलत होता!"

"मला मारलं असतं त्यानं."

"त्याला तू काय जोडलंस ते सांग आधी."

तो तसाच निघून गेला. एका मेकॅनिकने सांगितले की अशा इग्निशनने जुने मीटर बिघडतात; दुसरा म्हणाला, छे, तसे काही होत नाही. कोणाचे खरे ते मला आजही ठाऊक नाही. लायनल तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. ऑब्रींच्या अंत्यविधीलाही मागच्या बाकावर बसून गेला.

पण दर वसंतात मी बाजारात गेले की कोणीतरी माझ्या गाडीचे कार्ब्युरेटर नीट जुळवून जातो. परत येऊन इंजिन चालू करावे तर काटा निवांत एका जागी उभा. गावात हे जमणारा माणूस एकच आहे. शिवाय नवे इंजिन घातल्यावरही त्याने खोटारडा मीटर स्प्राइटमध्ये तसाच ठेवला. रागावलेला माणूस असे करतो का? मला उलगडत नाही. गाडी त्याला मिळाली की दोन्ही मीटर एका छपराखाली येतील. मग काय ते त्याचे त्याने बघावे.

येथवर काल लिहिले. आज सह्यांसाठी डिलिसबाई आल्या. त्यांचे यजमान दुसरे साक्षीदार होणार होते, पण त्यांची कंबर धरली आहे. तेवढ्यात मागच्या दाराने लायनल आत आला. रोझलिंडने त्याला सांगितले असणार. उभ्या उभ्याच त्याने कागद वाचला.

"माझाच मीटर मलाच देतेस?"

"मग आत्ता काढून ने. स्क्रूड्रायव्हर गॅरेजात आहे."

"आणि तू काय, कान लावून गाडी चालवणार?" त्याने पेन उचलले. "साक्षीदार हवाय ना? कुठे सही करू?"

डिलिसबाईंनी त्याचा हात धरला. "अहो, साक्षीदाराला काही मिळत नाही. माझ्या मावशीच्या वेळी हेच झालं. सही केलीत की गाडी गेली."

"माहितीये मला."

"लायनल, तुला गाडी नको?" मी विचारले.

"तू मेल्यावर मिळणारी नको."

हा अपमान की आणखी काही, हे मला कळलेले नाही. म्हणून पुढचे कलम घालत आहे. तो टेबलाशी उभा राहून, किती लिहितेस म्हणून कुरकुरत आहे.

कलम पाच. साक्षीमुळे कलम चार रद्द ठरत असल्याने गाडी, मीटर कोणाचाही असो, रोझलिंडला द्यावी.

"झालं?" तो म्हणतो. "शनिवारी गाडी बाहेर काढ. बर्वेवर जाऊ. दोन्ही गाड्या. तू पुढे राहा."

"मी का पुढे?"

"तुझा मीटर बरोबर दाखवतो."

"माझा म्हणजे कुठला, लायनल?"

त्याने पेन माझ्यापुढे धरले आहे. वरील सर्व माझ्या इच्छेने लिहिले असून खाली सही करत आहे.

एव्हिस प्रोबर्ट

एव्हिस यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही:

डिलिस ग्रिफिथ्स, शेजारीण
लायनल बेडोज, भाऊ

चर्च स्ट्रेटन, श्रॉपशायर
११ एप्रिल २०१९