ब्रेकची फुगलेली नळी

१२ मे, संध्याकाळ

दीड महिना वही उघडली नाही, चुकलंच. हात ग्रीसचे असायचे, हे निमित्त.

बाबांची साठ वर्षांची गाडी रविवारी हौशी लोकांच्या शर्यतीत उतरणार आहे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, आखलेला सरळ पाव मैल, आणि चालवणार ताई. इंजिनाची ताकद मीच वाढवून ठेवली. आज चाक काढलं, तेव्हा ब्रेकची रबरी नळी हाताला लागली. पिकल्या रायवळ आंब्यासारखी मऊ.

हे माझंच काम. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, म्हणून दर पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारतो. ब्रश नळ्यांवरूनही फिरवत आलो. तेलाने रबर फुगतं हे मला माहीत नव्हतं? बी.एस्सी. झालेला माणूस मी. की माहीत असून कंटाळा केला?

ताई पायरीवरून ओरडली, "मेल्या, गाडी पळवायचीय, तिची मुंज नाही लावायची! झालं का?"

"झालं," म्हणालो. का म्हणालो?

नवी नळी यायला आठवडा लागेल, म्हणजे शर्यत हुकली. आणि तिने तर आळीभर सांगून ठेवलंय.

मघाशी पुन्हा जाऊन दाबून पाहिली. बोटाचा खड्डा तसाच राहिला. शर्यतीचा पट्टा संपतो तिथे पुढे नुसता कातळ आहे. भर वेगात तिने ब्रेक दाबला आणि ही फुटली तर?

उद्या: ताई सरावाला बसण्याआधी नळी कापून तिच्या हातात देणे.