भिंतीवरचा तेलाचा डाग

मुंबई, ५ सप्टेंबर १९७३

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीला येतो म्हणालो आणि आलो नाही. तुझ्या शिव्या इथवर ऐकू आल्या. काय करू, कलादिग्दर्शकाला सण नसतो, सेट असतो. या वेळचा सेट एका शिंप्याच्या घराचा आहे बघ! डोळ्यांपुढं आपलंच घर येतं. कोनाडा, खुंटी, मशीन, सगळं जमलं. एक काम कर. आबा काजं करताना भिंतीला टेकून बसायचे, तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे ना? तो जमिनीपासून किती उंच आहे, ते आबांच्याच टेपनं मोजून लगेच कळव. पुढच्या शनिवारी भिंती रंगवायच्या आहेत.

राग निवळला की उत्तर लिही. नाही निवळला तरी लिही.
तुझा,
यशवंत

कोल्हापूर, १० सप्टेंबर १९७३

चि. यशवंतास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला. मेल्या, तू येणार म्हणून तर श्रावणात घराला सफेदी करून घेतली! डाग राहू द्यायचा का, असं रंगाऱ्यानं विचारलंही होतं. मीच म्हटलं, चांगला घासून काढ; माझा भाऊ महाल उभे करणारा, त्याला तेलकट भिंत कशी दाखवू? आता डागही नाही आणि तूही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. एकवीस मोदक केले होते, ते शेजारी वाटले. एकटीनं किती खायचे?

दिवाळीला दारात उभा राहिलास तर लोभ आहे असं समजेन. पत्रातला पुरे झाला.
आक्का

मुंबई, १९ ऑक्टोबर १९७३

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डाग अंदाजानंच केला. खोबरेलात काजळी कालवून स्वतः चोळत बसलो. रंगारी म्हणाले, साहेब, आमच्यावर सोडा. माझ्यानं सोडवेना. नटमंडळी जेवायला गेली की मी त्याच भिंतीला टेकून डबा खायचो. पंधरा दिवस घरी राहून आल्यासारखं वाटलं. काल सेट मोडला. फळ्या सुट्या करून गाडीत टाकत होते, मी तिकडं पाहिलंच नाही. एवढी घरं बांधली, पण माझ्या भाड्याच्या खोलीत मालक खिळासुद्धा मारू देत नाही. फार एकटं वाटतं गं. दिवाळीत मात्र म्हैसूरला जायचंय, महाल उभा करायला.

माझ्या वाटणीचं अभ्यंगाचं तेल राखून ठेव.
यशवंत

कोल्हापूर, १२ मे १९७४

चि. यशवंतास,
अ. उ. आ.

तुझा सिनेमा पाहिला. पडद्यावर आपलं घर आलं आणि मी शेजारणीचा हात घट्ट धरला. कोनाडा बरोबर, मशीन बरोबर, डाग मात्र वीतभर वर! आबा एवढे उंच कुठं होते रे? घरी येताना उमगलं. बाराव्या वर्षी तू मामांकडं मुंबईला गेलास. तोवर आबांच्या पुढ्यात बसून मान वर करूनच बघायचास.

आता इकडची बातमी. शाळेतून आले की मीही तिथंच टेकून वह्या तपासते. काल बघते तर पांढऱ्या भिंतीवर डाग उमटलाय. माझ्या डोक्याचा. आबांच्या टेपनं मोजला, जमिनीपासून एकोणतीस इंच. आत्ताच टिपून ठेव. पुढं कधी तुला हे घर परत उभं करावंसं वाटलं, तर माप कळवायला इथं कुणी नसेल.

तुझी,
आक्का