आबांचं पान

अलेक्झांड्रिया बंदर, सप्टेंबर १९७६

तीर्थरूप आईस, दर्यापारनं नाथाजीचा दंडवत.

मी खुशाल हाय. जहाजावर भात पोटभर मिळतो, खोकलाबी गेला. तुझा गुडघा कसा हाय? वहिनी, आईला सावकाश वाचून दाखवा.

आई, बेचाळीसला आबा बेपत्ता झाल्याची तार आली, ती लढाईची जागा काल बघून आलो. नुसती वाळू हाय. पिवळ्या उन्हात लांबनं कुणी चालत आल्यासारखं दिसायचं, आणि जवळ आला की वारा निघायचा.

बेपत्ता शिपायांची नावं तिथं भिंतीवर कोरलीत. मराठा पलटणीची नावं मी मोठ्यानं वाचत गेलो. धोंडिराम, लालासाहेब, जोतिबा. रहिमतपूरच्या बाजारात हाका मारतोय असं वाटलं. कोणतरी ओ देईल म्हणून दर नावाला थांबत होतो.

निघताना तू म्हणालीस, "नाव घावलं तर मला कळवू नगंस. न्हाई घावलं तर तेवढं लिही." म्हणून लिहितो, नाव घावलं न्हाई.

एका ठिकाणी मातर दुपारभर बसलो. तू बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि जहाजावरची रोटी भिंतीशी ठेवली. पितरांचा पंधरवडा चाललाय. घरात आबांचं पान तू कधी वाढलं न्हाईस. औंदाबी वाढू नगंस.

येताना तुला बांगड्या आणतो, हिरव्याच. कुंकू लावत जा.

तुझा,
नाथाजी