मिरीचा वाढदिवस आणि नसलेलं बदक

ती. आत्यास,

घराण्यातल्या पहिल्या पदवीधर भाचीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? चढताना दुखतात की उतरताना, ते तू फोनवर सांगितलं नाहीस. इकडे सगळे खुशाल, निदान पत्राच्या या ओळीपर्यंत तरी.

परवा मिरी पाच वर्षांची झाली. मी पुस्तकं वाचून मूल वाढवते असं तू सगळ्यांना सांगतेस (खरं आहे, वाचता येतं तर का वाढवू नये?). तर अशाच एका पुस्तकात होतं, की वाढदिवस मुलाचा असतो, आईबापांच्या हौसेचा नव्हे, तेव्हा दिवस कसा घालवायचा ते मुलालाच विचारावं. मला एकदम पटलं. एरवी मी कामावरून येते तेव्हा मिरी अर्धी झोपलेली असते, म्हणून हा एक दिवस तरी पूर्ण तिचा व्हावा, असं मी मनाशी पक्कं केलं. 'अपरिहार्य कौटुंबिक कारण' लिहून रजा मिळवली, आणि सकाळी तिच्या उशाशी बसून विचारलं, की आज तू म्हणशील तिथे जायचं, बोल. माझ्या डोळ्यांपुढे बाग होती, बाहुल्यांचा खेळ होता. ती म्हणाली, "तुझ्या दवाखान्यात." मिरीच्या बाबांना हसताना चहाचा ठसका लागला. "विचार, अजून विचार तिला!" म्हणाले.

आता शब्द तर दिलेला. गेलो. (नवा फ्रॉक, हातात चॉकलेटचा डबा, आणि मागून रजेवर असलेली मी.) आमचे मोठे डॉक्टर दारातच भेटले. "हेच का तुमचं अपरिहार्य कारण?" मी काही बोलायच्या आत मिरी म्हणाली, "हो, मीच." माझ्या जागी बसलेल्या मुलीला मला बघून इतका आनंद झाला, की 'आलेच हं' म्हणून ती जी चहाला गेली ती गेलीच. बाहेर बाकावर ही गर्दी. मग काय, रजेच्या दिवशी मी लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते, आणि मिरी शेजारी उभी राहून दम देत होती: "एक डोळा झाका. बोटांच्या फटीतून बघायचं नाही." एक मिशाळ आजोबा शेवटच्या दोन ओळी चुकले आणि खरोखर ओशाळले. "असू दे," ती म्हणाली, "चुकलात तरी चॉकलेट मिळतं. आज माझा वाढदिवस आहे." इतके खूश पेशंट मी नोकरीत पाहिले नव्हते.

गर्दी ओसरल्यावर ती स्वतः खुर्चीत चढून बसली. लहान मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात. डावा डोळा झाकून तिने घर, छत्री, बदक असं धडाधड सांगितलं. मग उजवा झाकला. मी सवयीने तक्ता बदलला होता. तरी पुन्हा तेच, तितक्याच जोरात: घर, छत्री, बदक.

"बदक नाहीये गं तिथे."

"मग काय आहे?"

"तू सांग."

"वाढदिवस माझा आहे. तूच सांग."

आत्या, मी गावभरचे डोळे तपासते. मोठे डॉक्टर येऊन तपासून गेले, आणि नेहमीच्या शांतपणे म्हणाले, की डावा डोळा आळशी झालाय. आता नेमाने चष्मा लावला तर सुधारेल, दिवस घालवले तर कठीण. म्हणजे घाबरायचं नाही, फक्त चष्मा दिवसभर नाकावर राहायला हवा. संध्याकाळी केक कापला, फुगे फुटले, शेजारची मुलं नाचली. काल लाल काड्यांचा चष्मा आला. तो मिरीच्या नाकावर एकदाच बसला आणि थेट गादीखाली गेला.

सर्वांना आशीर्वाद असू दे.

तुझी,
भाची

ता. क. गादीखालून चष्मा काढताना मी तिला कारण विचारलं. उत्तर जसंच्या तसं देते: "चष्मा म्हातारी माणसं लावतात, असं आत्याआजी म्हणते. ती लावते का?" मी स्वतः नंबर काढून दिलेला तुझा चष्मा कपाटात आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी, डॉक्टर, पुस्तकं, कुणाचंच ती ऐकत नाही, तुझं ऐकते. तेव्हा रविवारी येशील ती चष्मा लावून ये, आणि गेटपासून लावून ये. ती खिडकीत असते.

ता. क. २. वरचं सगळं मी ठळक, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, कारण तू ते बिनचष्म्याने वाचणार हे मला माहीत होतं. ही ओळ मात्र मुद्दाम मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. वाचलीस ना? मग आता काढू नकोस.