चौथा कॅमेरा

९ ऑगस्ट २००९, रविवार

पुन्हा नळ गेला! बागेतला, पितळी. दोन महिन्यांत तिसरा. पिळून तोडलाय, पाणी वाहून मोगऱ्याच्या आळ्यात तळं झालंय. विलास म्हणाला, "बास. आता कॅमेरे." मी म्हटलं, प्लास्टिकचा नळ लाव, कोण नेतंय? तर म्हणे, "म्हणजे आपण चोराच्या सोयीने राहायचं?" नवऱ्याचं वाक्य बरोबर असतं तेव्हाच तो जास्त डोक्यात का जातो?

१६ ऑगस्ट, रविवार

जुईली हॉस्टेलवर परत गेली. लाडू, चिवडा, जवसाची चटणी — डबे भरता भरता सकाळ संपली. तिला शिवाजीनगरला नाशिकच्या गाडीत बसवलं आणि तसेच कॅमेऱ्यांच्या दुकानात. स्वाइन फ्लूमुळे मालकासकट सगळ्यांच्या तोंडाला फडकी. विलास म्हणतो, "चोर ओळखायचा कसा? अख्ख्या पुण्याचीच तोंडं बांधलेली!" मी हसले. हसायला नको होतं. हसले की त्याला होकार वाटतो.

मालक म्हणाला, घुमटासारखा कॅमेरा घरात शोभतो, नळकांड्यासारखा बाहेर — पावसाने काही होत नाही. मी विचारलं, आमच्या कासार आंबोलीच्या पावसाने? तो म्हणाला, "मुळशी? मग वर पत्रा मारा, बाई."

फाटक, पोर्च, बाग. तीनच जागा. पण चित्रण साठवणाऱ्या डब्याला चार कॅमेऱ्यांची सोय, म्हणून विलासने चार घेतले. चौथा कुठे? "बघू." जागा ठरलेली नाही आणि कॅमेरा घरात!

२३ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. पंचामृताला चांदीची वाटी काढायला गेले तर नाही. जुईलीच्या बारशाला माझ्या आईने दिलेली. फडताळ, देवघर, कपाट — कुठेच नाही.

विलासने मागच्या ओट्याकडे नुसतं पाहिलं, जिथे सखूबाई भांडी घासत होती. मग म्हणाला, "चौथ्याची जागा सापडली."

आरती होईपर्यंत थांबले आणि मग भांडले. बारा वर्षं ती येतेय! त्याचं एकच उत्तर : "मी कुणाचं नाव घेतलं का?"

२४ ऑगस्ट

एक लिहून ठेवते, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. वाटी नाही हे कळलं तेव्हा माझ्याही मनात सखूबाईचं नाव आलं. अर्धा क्षण. आलं हे खरं.

ती वरच्या वाडीतून चालत येते. पहिली तीन वर्षं तिचा एक नेम होता. येताना कापडी पिशवी मागच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची. घरात कधी आणायची नाही. जाताना माझ्यासमोर उलटी करून झटकायची. "बगा ताई, रिकामी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी हात धरून सांगितलं, पुन्हा असं करायचं नाही, माझा विश्वास आहे. तेव्हापासून पिशवी खिळ्याला असते, पण ती झटकत नाही. त्याचा मला किती अभिमान! आणि लायब्ररीतल्या नोकरीत मी रोज पोरांच्या पिशव्या दाराबाहेर ठेवायला लावते, तेव्हा ही उदारता कुठे असते?

३० ऑगस्ट, रविवार

नरहरी आला, शेजारच्या भरे गावचा. कंपनीत कामाला आहे, सुट्टीला कॅमेरे बसवतो. चौथा मागच्या दारावर ठोकताना मी विचारलं, जरा फाटकाकडे वळवता नाही का येणार? "भिंतीतनं कसं दिसंल, म्याडम?" विलास हसला. सखूबाईने राख मागितली, भांड्यांसाठी. दिली. त्या कॅमेऱ्याबद्दल मी तिला एक शब्दही सांगितला नाही. काय सांगणार होते?

१ सप्टेंबर

संताप, संताप! सखूबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून भांडी घासते. आज पाहिलं तर लुगडं घोट्यापर्यंत सोडलेलं, भिजून चिंब, एका हाताने पदर धरलेला. म्हटलं, अहो, असं का? म्हणाली, "साहेबांच्या टीव्हीत दिसतंय नव्हं समदं? नरहरी बोलला." मान वर केली नाही. मग : "माजं काय हाय बगन्यासारकं? म्हातारी मी."

विलासला सांगितलं. तो म्हणाला, "मेधा, बघतंय कोण? वेळ आहे कुणाला?" मग लावलायस कशाला!

४ सप्टेंबर

साडेदहाला वीज जाते ती दीडपर्यंत नसते. त्या वेळात कॅमेऱ्याचा डोळा झोपलेला. सखूबाईला सांगितलं. तिने लगेच लुगडं खोचलं. आयुष्यात पहिल्यांदा भारनियमनाचे आभार मानले.

९ सप्टेंबर

काही विशेष नाही. साडेदहाला वीज गेली. सखूबाई आली, गेली. मी बाराला लायब्ररीत.

१३ सप्टेंबर, रविवार

जुईली आली. रिकामे डबे ओट्यावर ठेवत म्हणाली, "आई, चटणीत चांदीची वाटी कशाला दिलीस? मैत्रिणी म्हणाल्या, तुमच्याकडे चमचे नाहीत का?"

मीच! मीच वाटीने चटणी भरली आणि आत विसरले. वाटी काळी पडलीये. विलाससमोर आपटली. "काढ तो कॅमेरा!" तो शांतपणे म्हणाला, "नळसुद्धा चटणीत गेले का?"

सखूबाईला म्हटलं, वाटी सापडली हो. ती माझ्याकडे बघत राहिली. "हारवली व्हती व्हय? मला न्हाई कुनी इचारलं."

तीन आठवडे! तिच्या डोक्यावर कॅमेरा ठोकला, आणि एवढं विचारलं नाही. विलासने नाही. मीही नाही.

१७ सप्टेंबर

विलासशी बोलत नाही. त्याला ते बरंच वाटतंय बहुतेक.

२० सप्टेंबर, रविवार

आजचं लिहायलाच हवं.

बागेच्या टोकाचा नळ गेलेला दिसला. पावसात तिकडे कुणी जात नाही, त्यामुळे कधी गेला पत्ता नाही. मागचं चित्रण कसं पाहायचं ते दाखवायला विलासने नरहरीला बोलावलं. सगळे दिवाणखान्यात. सखूबाई केर काढत होती, तिलाही विलासनेच थांबवलं, "बघा सखूबाई, गंमत." पडद्यावर चार चौकोन, सगळं उलटं पळतंय. माणसं पाठमोरी फाटकातून आत, पाऊस खालून वर. जुईली हसत होती.

खालच्या उजव्या चौकोनात मी आले. मागच्या दारात. इकडेतिकडे पाहिलं. खिळ्यावरची पिशवी काढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

कोपऱ्यात तारीख, वेळ. ९ सप्टेंबर, १०.५२.

"वीज नव्हती तेव्हा!" माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं. हेच! नरहरी खाली बघत म्हणाला, "सायबांनी इन्व्हर्टरवर घ्याया लावलं ना, म्याडम. सहा तारखेला." विलास काही बोलला नाही. आयुष्यात प्रथमच बोलायला हवा होता. सखूबाईने केर भरला, सुपली उचलली, आत गेली.

पिशवीत डबा होता, तंबाखूची चंची, कुणाचं तरी लहान झबलं. मी घडी मोडली आणि पुन्हा घातली.

आता मागचं पान उलटून वाचलं. 'काही विशेष नाही.' माझ्याच अक्षरात. अर्ध्या क्षणाचा संशय प्रामाणिकपणे लिहिणारी बाई मी! महिनाभर विलासवर ओरडले ते सगळं खरं होतं का, की मला फक्त कुणी पाहायला नको होतं?

२१ सप्टेंबर, सोमवार

सखूबाई आली. येईल असं वाटलं नव्हतं. भांडी झाली, केर झाला. मी दारातच उभी होते. माफी मागायची होती, वाक्य जुळवत होते. तिने हात पुसले, खिळ्यावरची पिशवी काढली, ओट्यावर उभी राहिली आणि उलटी करून झटकली. दोनदा. माझ्याकडे न बघता. मान वर करून, कॅमेऱ्याकडे.

"बगा, रिकामी हाय."