नफ्यातली शाळा

१६ जून
आज माझी शाळा उघडली! मुलं सत्तावीस. रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेत एकेका वर्गात पन्नासच्या वर. तिथली चौथी नॉर्मिंगकडे आहे, गेली बावीस वर्षं. नॉर्मिंग म्हणजे माझी बायको.
सकाळी भात वाढताना तिला समजावलं – माझ्या बेकरीत पाव शिळा निघाला तर गिऱ्हाईक उद्या येत नाही, म्हणून पाव ताजा असतो. शाळेचंही तसंच. नफा हवा असला की माणूस नीट काम करतो.
"पावाला आई नसते, क्रिसांतो," ती म्हणाली.
मी भात पुढे ओढला.

२७ जून
मासळीवाल्या बेलिंगताई ऑफिसात आल्या. मुलगी शारीस, माझ्याच चौथीत. पहिल्या चाचणीत गणितात चौऱ्याहत्तर. इथे पास व्हायला पंचाहत्तर लागतात.
"मी मासळीवर चार कोळंब्या वर टाकतेच ना? तुम्हाला एक मार्क जड झाला?"
सहा टाकले. ताई खूश. गिऱ्हाईक समाधानी!
नॉर्मिंग ऐकून म्हणाली, "आणि मुलीला अपूर्णांक येतात का?"
विचारायचं राहिलं.

३ जुलै
गणिताचे जोमारसर चालले. सरकारी भरतीच्या यादीत नाव लागलं. पगार जास्त, वर पेन्शन.
मी म्हटलं, "तिकडे नुसता पंखा आहे. इकडे एसी."
"सर, एसी दोन आठवडे बंद आहे."
तरी मी त्यांना शेवटपर्यंत ऑफिसातली खुर्ची दिली होती, चाकांची.

४ जुलै
गणित मीच घेतलं. केक नेला, आठ तुकडे केले. शिकवण्याआधीच सात संपले. उरलेला एक अष्टमांश मी खाल्ला. शारीस म्हणाली, "सर, उत्तर शून्य."
हुशार पोरगी.

१८ जुलै
गावच्या उत्सवात चौथीच्या मुलांची प्रश्नमंजुषा आहे, सगळ्या शाळांची. नऊ पालक येऊन सांगून गेले – हरलात तर मुलं काढून घेऊ. जेवण गेलं नाही.

२ ऑगस्ट
जिंकलो! जिंकलो!
चौकातल्या मंडपात शेवटी दोघंच उरली – माझी शारीस आणि नॉर्मिंगचा रोडेल. प्रश्न अपूर्णांकाचा. रोडेल बोटं मोजत राहिला, शारीसनं उत्तर सांगून टाकलं. मी मंचावर चढलो. खाजगी शाळा का सरस, यावर बोललो. बरंच बोललो. माईक काढून घेतला तरी बोललो.
नॉर्मिंग सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. हरलेल्या बाईला एवढा आनंद?

३ ऑगस्ट
बेलिंगताई हातभर लांब मासा घेऊन दारात. मी हात पुढे केला.
"तुम्हाला नाही, सर. मॅडमना. महिनाभर रोज शाळा सुटल्यावर शारीसला बसवलं त्यांनी. पैशाचं नाव काढू देईनात."
मी नॉर्मिंगकडे बघत राहिलो. "आपल्याच वर्गाला हरवायला शिकवलंस?"
"ती दारात वही घेऊन उभी होती. कुठल्या शाळेची ते विचारायचं होतं का?"
मासा चांगला होता. नॉर्मिंगनं मला त्याचं डोकं वाढलं.

७ ऑगस्ट
पालकसभा. फुकटच्या टाळ्या किती दिवस खायच्या? उभा राहिलो आणि खरं काय ते सांगून टाकलं – शारीसला कोणी शिकवलं, सहा मार्क कोणी टाकले.
मागून एका बाईनं विचारलं, "मग त्या मॅडमची फी किती?"
"काही नाही," मी म्हणालो.
नको होतं सांगायला.

११ ऑगस्ट
आज वर्गात चारच मुलं होती, बाकीची रस्त्यापलीकडे. पहिल्यांदाच नीट शिकवलं.