स्टान्सिलबाईंना दाखवलेलं घर

१४ नोव्हेंबर
आज कोणाला घर दाखवलं? कोरीन स्टान्सिलला! ग्रेडी स्टान्सिलची बायको! टेक्सासच्या कॉलेजला दोनदा अजिंक्यपद मिळवून देणारा फुटबॉल कोच – त्याची बायको अलाबामातल्या आमच्या एवढ्याशा गावात, माझ्या गाडीत, माझ्या शेजारी!
तळ्याकाठचं घर आवडलं. फार बोलली नाही. नुसती खिडकीशी उभी राहिली.
बायको घर बघते म्हणजे नवरा आमच्या कॉलेजात येतोय. उघडच आहे!
गिऱ्हाइकाचं नाव बाहेर काढायचं नाही, हा आमच्या घरं विकायच्या धंद्याचा नियम. वीस वर्षं पाळलाय.

१५ नोव्हेंबर
लोवेलला सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही बाहेर काढणं नव्हे.

१६ नोव्हेंबर
लोवेलने केस कापून घेताना अर्लला सांगितलं. "फक्त अर्लला गं! शपथ!"
फक्त अर्लला! गावातली निम्मी डोकी त्या न्हाव्याच्या हाताखालून जातात!

१८ नोव्हेंबर
आमच्या कॉलेजचा संघ, आमचे 'बगळे', आज सलग पाचवा सामना हरले. आणि स्टेडियममध्ये लोक नाचतायत! "स्टा-न्सिल! स्टा-न्सिल!" आत्ताचा कोच टीग मैदानाच्या कडेला पाठ करून उभा होता. वाईट वाटलं. मिनिटभर. मग मीही ओरडले. घसा पार बसलाय.

२१ नोव्हेंबर
गावात नुसत्या अफवा! स्टान्सिल पेट्रोल पंपावर दिसला. स्टान्सिलने मिनर्व्हाच्या खाणावळीत तळलेल्या माशाच्या दोन थाळ्या चेपल्या. स्टान्सिलचं खाजगी विमान उतरलं – ते पिकांवर फवारणी करणारं निघालं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत "येणाऱ्या पाहुण्याला" आशीर्वाद मागितला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारली!
आणि हे सगळं माझ्यामुळे!

२७ नोव्हेंबर
विद्यापीठाचं पत्रक – "कोणाशीही बोलणी चालू नाहीत."
लोवेल म्हणतो, "बघ! नाही म्हणतायत म्हणजे नक्की!"

१ डिसेंबर
टीगने विद्यापीठावर दावा ठोकला! करार अजून दोन वर्षांचा, आणि हे माझ्या पाठीमागे दुसरा कोच आणतायत, म्हणतो. संध्याकाळच्या बातम्यांत तळ्याकाठचं घर दाखवलं. पुरावा म्हणे! गवत कापून घ्यायला हवं होतं.

४ डिसेंबर
मला समन्स! मला!! निळा ड्रेस की करडा?

८ डिसेंबर
निळाच घातला. वकिलाच्या कचेरीत जबानी. विद्यापीठाचा वकील बारीक चणीचा, फार गोड बोलणारा.
"बाई, तुम्ही हे कोणाला सांगितलंत?"
"नवऱ्याला."
"आणि त्यांनी?"
"न्हाव्याला."
टाइप करणारी मुलगी खुदकन हसली.
"स्टान्सिल स्वतः घर बघायला आले होते?"
"नाही."
"फोन?"
"नाही."
"त्यांच्या पत्नीने त्यांचं नाव तरी घेतलं?"
आठवून पाहिलं. "नाही."
टीगच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. टीगसुद्धा हसायला लागला – मग सगळेच. मीही! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
बाहेर आल्यावर लोवेल म्हणाला, "अगं, म्हणजे सगळ्या राज्याला नाचवलं ते तू आणि मी?"
"आणि अर्लने!"
गाडीत बसून पुन्हा हसलो. लग्नानंतर इतके कधी हसलो नव्हतो.

११ डिसेंबर
टीगने दावा मागे घेतला. कोच तोच राहणार. मिनर्व्हाने माझ्या नावाची थाळी काढलीय – "खबरी मासा"!

१२ डिसेंबर
कोरीनचा फोन. घर नको म्हणाली. आवाज अगदी शांत. "मी त्याला न सांगता निघून आले होते. तो मला शोधत होता. बातम्यांत बघून काल तुमच्या त्या घराच्या दारात उभा होता."
आणि तिने फोन ठेवला.